घरातील नवा चालक आणि मोटारीचा विमा

जयपूर शहराचा तटबंदीच्या आतील जुना भाग तेथील लोक ‘चारदीवारी’ या नावाने ओळखतात. महाराजा सवाई जयसिंग दुसरे यांनी १७२७ साली हे नगर वसविले. त्याच्या आखणीचे श्रेय विद्याधर भट्टाचार्य यांना दिले जाते. नगराचे चौरस विभाग पाडून त्यांना ‘चौकडी’ असे नाव देण्यात आले. मुख्य बाजारांचे रस्ते सुमारे ११० फूट रुंद, त्यांना फुटणारे रस्ते त्याच्या निम्मे, आणि आतील गल्ल्या त्याहूनही निम्म्या, अशी उतरती श्रेणी या रचनेत ठेवलेली होती. पालख्या, बैलगाड्या आणि पायी चालणारी माणसे यांच्या हिशेबाने ही रुंदी पुरेशी होती. २०१९ साली युनेस्कोने या नगराचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला. आज त्याच गल्ल्यांतून मोटारी, स्कूटर, ई-रिक्षा, हातगाड्या आणि शाळेतून परतणारी मुले एकाच वेळी वाट काढीत असतात.

अशा वस्तीत राहणारे एक कुटुंब उदाहरणादाखल कल्पावे. जौहरी बाजाराला लागून असलेल्या गोपालजी का रास्ता या गल्लीत वडिलांचे रत्नांचे लहानसे दुकान आहे. घरात १,२०० सीसी इंजिनाची एक मोटार व ११० सीसीची एक स्कूटर आहे. दोन्ही वाहने वडिलांच्या नावावर नोंदलेली आहेत. थोरल्या मुलीने अठरावे वर्ष पूर्ण केले असून तिला मोटार शिकावयाची आहे. धाकटा मुलगा सोळा वर्षांचा आहे आणि शिकवणीला जाण्यासाठी स्कूटर मागतो आहे. विम्याचे नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. या वेळी कोणता विमा घ्यावा, असा प्रश्न त्या घरापुढे आहे. वरवर पाहता हा प्रश्न हप्त्याच्या रकमेचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे तो प्रथम परवान्याचा, मग जबाबदारीचा, आणि सर्वांत शेवटी पैशाचा प्रश्न आहे, हे दिसून येते.

वाहनाचा विमा की चालकाचा?

मोटारीच्या अपघातात सापडलेल्या परक्या माणसाला भरपाई मिळावी यासाठी विमा सक्तीचा असावा, हा विचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२७ साली आणि ब्रिटनने १९३० च्या कायद्याने अशी सक्ती केली. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद झाली व ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. आज १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू असून त्याच्या कलम १४६ प्रमाणे तृतीय पक्षाच्या विम्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविता येत नाही.

तत्त्व एकच असले तरी हप्ता ठरविण्याची रीत देशोदेशी वेगळी आहे. अमेरिकेत विमा कंपनी चालकाकडे पाहते. घरातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे नाव विमापत्रात चढले, की हप्ता एकदम वाढतो. नवशिक्या चालकाच्या हातून अपघात होण्याचा संभव अधिक असतो, ही गोष्ट त्या वाढीव रकमेतूनच आईबापांना कळते. भारतात विमा मुख्यतः वाहनाला जोडलेला असतो. तृतीय पक्षाच्या विम्याचा हप्ता केंद्र सरकार ठरविते आणि खाजगी मोटारीसाठी तो इंजिनाच्या क्षमतेवर अवलंबून असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १,००० सीसीपर्यंतच्या मोटारीला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीच्या मोटारीला ३,४१६ रुपये आणि त्यावरील मोटारीला ७,८९७ रुपये असा कर वगळून वार्षिक हप्ता ठरला. मोटार पंचावन्न वर्षांचा अनुभवी गृहस्थ चालवितो की कालच परवाना मिळालेली मुलगी, याचा या आकड्यावर परिणाम होत नाही.

यामुळे भारतीय कुटुंबाची एक सोय होते आणि एक गैरसोयही होते. नवा चालक आला म्हणून खर्च वाढत नाही, ही सोय. मात्र वाढलेला धोका हप्त्यात उमटत नसल्याने तो कुटुंबाच्या ध्यानातही येत नाही. हप्ता जेथे मूक राहतो तेथे विमापत्रातील अटीच बोलत असतात. म्हणून नव्या चालकाच्या घरात विमापत्र वाचणे हे विमा निवडण्याचे पहिले काम ठरते.

परवान्याची अट

खाजगी मोटारीच्या विमापत्रात ‘चालक’ या मथळ्याखाली एक कलम असते. विमेदारासह कोणतीही व्यक्ती वाहन चालवू शकते. मात्र अपघाताच्या वेळी तिच्याजवळ त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवाना असला पाहिजे आणि परवाना धारण करण्यास ती अपात्र ठरलेली नसावी, असा त्याचा आशय असतो. शिकाऊ परवानाधारकालाही वाहन चालविता येते; पण त्याने १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकी नियम ३ पाळलेला असावा लागतो. या नियमाप्रमाणे शिकणाऱ्याच्या शेजारी पक्का परवाना असलेली व्यक्ती अशा रीतीने बसलेली हवी, की तिला वाहन थांबविता येईल. वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पृष्ठभागावर तांबड्या रंगाचे ‘एल’ अक्षरही लावलेले हवे.

वरील घरातील थोरल्या मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाली असल्याने मोटारीचा शिकाऊ परवाना मिळू शकतो. तो सहा महिने वैध असतो आणि तो मिळाल्यापासून तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. या काळात वडील शेजारी बसून तिला पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर शिकवीत असतील, तर विमापत्राचे छत्र तिच्यावर आहे. तिने एकटीने मोटार चांदपोलपर्यंत नेली, तर विमापत्राची अट मोडली.

धाकट्या मुलाची गोष्ट निराळी आहे. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सोळाव्या वर्षी पालकाच्या संमतीने परवाना मिळतो खरा; पण तो ५० सीसीपर्यंतच्या विनागियर दुचाकीपुरताच असतो. बाजारात सर्रास दिसणारी विनागियर स्कूटर बहुधा १०० ते १२५ सीसीची असते. गियर नाही म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला ती चालेल, हा समज चुकीचा आहे. घरातील ११० सीसीची स्कूटर त्याला अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत चालविता येणार नाही, आणि कोणत्याही कंपनीचे, कितीही मोठ्या हप्त्याचे विमापत्र ही उणीव भरून काढू शकत नाही.

१ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या कलम १९९ अ ने या बाबतीत पालकांची जबाबदारी फार वाढविली आहे. अल्पवयीनाने मोटार वाहनासंबंधी गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी आपण योग्य ती सर्व दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावरच असतो. या दंडाचा विमा उतरविता येत नाही.

किल्ली कोणाच्या हाती?

‘मुलाने न विचारता किल्ली नेली’ हे वाक्य अपघातानंतर अनेक घरांतून ऐकू येते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या दिल्लीच्या एका प्रकरणात हाच बचाव होता. नात्यातील अल्पवयीन मुलाने घरातील मोटारसायकल नेली आणि अपघातात एका व्यक्तीचा मृत्यू झाला. वाहनाचा गैरवापर होणार नाही अशी व्यवस्था ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने मानले. विमा कंपनीने भरपाई आधी वारसांना द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, ही व्यवस्था तेथे कायम राहिली. त्याआधी २००८ साली अल्पवयीन मुलाने मोटार चालविल्याच्या दुसऱ्या एका प्रकरणात विमा कंपनीला जबाबदारीतून मुक्त करण्यात आले होते. कोणत्याही मार्गाने गेले, तरी देण्याचा अखेरचा भार वाहनाच्या मालकावर येऊन पडतो, असा या दोन्ही निकालांचा व्यवहारी अर्थ आहे.

मराठी वाचकाला या संदर्भात पुण्याची घटना आठवेल. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगर भागात मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. या घटनेने सबंध देशाचे लक्ष अल्पवयीन चालकांकडे वेधले. रस्ते रुंद असोत की अरुंद, अल्पवयीनाच्या हाती किल्ली देण्याचा निर्णय घरातच होत असतो.

तृतीय पक्षाचे देणे

नव्या चालकाच्या हातून मोटारीला पोचा पडेल, ही चिंता आईबापांना सहसा आधी वाटते. हिशेब मात्र उलट दिशेने करावयास हवा. सर्वांत मोठे देणे परक्या माणसाच्या जिवाचे व इजेचे असते.

पुढील उदाहरण पाहावे. गल्लीत मोटारीच्या धडकेने रत्नांना पैलू पाडणारा अठ्ठावीस वर्षांचा कारागीर दगावला. त्याची मासिक कमाई २०,००० रुपये होती आणि मागे पत्नी, दोन मुले व आई, असे चार अवलंबित राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ व २०१७ च्या निकालांनी अशा भरपाईची रीत घालून दिलेली आहे. वार्षिक कमाई २,४०,००० रुपये. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या चाळिशीच्या आतील व्यक्तीच्या कमाईत भावी वाढीसाठी ४० टक्के मिळवावयाचे. म्हणजे ३,३६,००० रुपये. चार अवलंबित असल्याने मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करावयाचा. उरले २,५२,००० रुपये. सव्वीस ते तीस या वयोगटासाठी गुणक १७ आहे. त्याने गुणले असता ४२,८४,००० रुपये होतात. अंत्यविधी, संपत्तीची हानी व सहवासाची हानी यांच्या रकमा याखेरीज मिळवावयाच्या असतात.

एकीकडे ३,४१६ रुपयांचा वार्षिक हप्ता आणि दुसरीकडे बेचाळीस लाखांचे देणे, ही तुलना पुरेशी बोलकी आहे. मृत्यू व इजा यांबाबत तृतीय पक्षाच्या विम्याला रकमेची मर्यादा नसते. न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम कंपनी देते. परक्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र खाजगी मोटारीच्या बाबतीत साडेसात लाख रुपयांची मर्यादा आहे. हप्त्यात थोडी सूट घेऊन ही मर्यादा ६,००० रुपयांवर आणण्याची मुभा विमापत्रात असते. नव्या चालकाच्या घराने ती सूट घेऊ नये. बाजारातील एका दुकानाची काच किंवा उभी असलेली दुसरी मोटार एवढ्यानेच ती रक्कम संपून जाईल.

मोटारीत बसलेले सोबती

तरुण चालक बहुधा एकटा नसतो. मित्रमैत्रिणी, भावंडे त्याच्याबरोबर असतात. त्यांना इजा झाली तर भरपाई कोण देणार, हा प्रश्न केवळ कायद्यापुरता विमा घेणाऱ्या घरांच्या ध्यानात येत नाही. खाजगी मोटारीत विनामूल्य बसलेली व्यक्ती कायद्यापुरत्या विमापत्रात ‘तृतीय पक्ष’ म्हणून आपोआप येत नाही, अशी न्यायालयांची भूमिका राहिली आहे. सर्वसमावेशक विमापत्रात मात्र अशा प्रवाशांची जबाबदारी कंपनीवर येते, हे २०१२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. मोटार जुनी झाली, तिची किंमत उरली नाही, म्हणून केवळ तृतीय पक्षाचा विमा घ्यावा, हा सल्ला एरवी वाजवी असेल. पण घरात नवा चालक असेल आणि त्याच्याबरोबर शेजारपाजारची मुले बसणार असतील, तर तो अपुरा आहे.

चालकाचे स्वतःचे संरक्षण

आणखी एक पोकळी चालकाच्या स्वतःच्या बाबतीत राहते. विमापत्रात मालक-चालकासाठी पंधरा लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. ‘मालक-चालक’ म्हणजे ज्याच्या नावावर वाहन व विमापत्र आहे आणि ज्याच्याजवळ वैध परवाना आहे, अशी व्यक्ती. मुलगी वडिलांची मोटार चालवीत असेल, तर हे संरक्षण वडिलांचे आहे, मुलीचे नाही. ती स्वतः तृतीय पक्षही ठरत नाही. उसने घेतलेले वाहन चालविणारा मालकाच्याच जागी उभा असतो, म्हणून त्याला त्याच वाहनाच्या विम्यातून तृतीय पक्षाची भरपाई मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे.

यावर उपाय महाग नाही. विमापत्रात नाव नोंदवून इतर व्यक्तींसाठी वैयक्तिक अपघात संरक्षण जोडता येते, तसेच नाव न नोंदविलेल्या प्रवाशांसाठीही ते घेता येते. मुलीच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा व आरोग्य विमा घेणे हाही मार्ग आहे. इस्पितळाचा खर्च शेवटी आरोग्य विम्यातूनच निघतो. मोटारीला चकचकीत ठेवणाऱ्या जोडसंरक्षणावर पैसे खर्च करण्याआधी माणसाच्या संरक्षणाची ही तजवीज झालेली असावी.

पोचे, ओरखडे आणि सूट

आता मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीकडे वळता येईल. अरुंद गल्ल्यांत ओरखडे व लहान पोचे हा रोजचा अनुभव असतो. अशा प्रत्येक वेळी दावा करणे फायद्याचे असते का, हे गणिताने पाहावे.

दावा न करता गेलेल्या वर्षांसाठी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ‘नो क्लेम बोनस’ मिळतो. तो क्रमाने २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा वाढत जातो. एक दावा केला, की तो शून्यावर येतो. हा हप्ता सुटीपूर्वी ९,००० रुपये असून घराला ५० टक्के सूट मिळत आहे, असे समजू. दावा केल्यावर पुढच्या वर्षी ४,५०० रुपये अधिक द्यावे लागतील. त्यानंतरच्या वर्षांत, सूट पुन्हा ५० टक्क्यांवर पोहोचेपर्यंत, २,७००, २,२५०, १,३५० आणि ४५० रुपये अधिक जातील. ही एकूण रक्कम ११,२५० रुपये होते. याखेरीज प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम विमेदाराला स्वतः सोसावी लागते. म्हणजे या घराने आठ-दहा हजारांपर्यंतची दुरुस्ती पदरच्या पैशाने करून घेणेच शहाणपणाचे आहे.

मोटारीची घोषित किंमत वयाप्रमाणे घटत जाते. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, पहिल्या वर्षाअखेर १५ टक्के, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरली जाते. भाग बदलतानाही घसारा कापला जातो. रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर तो ५० टक्के असतो. नव्या मोटारीच्या पुढच्या-मागच्या बंपरची किंमत लक्षात घेता, पहिली काही वर्षे घसारामुक्त जोडसंरक्षण घेणे नव्या चालकाच्या घराला सोयीचे पडते. मोटार जुनी असेल, तर त्याच पैशात माणसांचे संरक्षण वाढवावे.

दावा नाकारण्याची काही कारणेही मुलांना आधीच सांगून ठेवावीत. मादक पेयाच्या अमलाखाली वाहन चालविणे, शर्यती लावणे, खाजगी वाहन भाड्याने देणे किंवा त्यातून मोबदल्यासाठी ने-आण करणे, या गोष्टी विमापत्राच्या बाहेर आहेत. प्रस्तावपत्रात चालकाविषयी प्रश्न असतील, तर त्यांची खरी उत्तरे द्यावीत. लपविलेली माहिती हप्ता भरताना कोणी विचारीत नाही. ती दाव्याच्या वेळीच पुढे येते.

निवडीचा क्रम

चारदीवारीतील त्या कुटुंबाला आता आपला निर्णय क्रमाने घेता येईल. स्कूटरची किल्ली मुलाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी आणि अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याने सायकलने, ई-रिक्षाने किंवा मेट्रोने जावे. बडी चौपड व छोटी चौपड येथे २०२० पासून भुयारी स्थानके झालेली आहेत. मुलीचा शिकाऊ परवाना हाती येईपर्यंत तिला चालकाच्या जागी बसवू नये, आणि तो आल्यावर नियम ३ कटाक्षाने पाळावा. मोटारीचे विमापत्र सर्वसमावेशक असावे व मालमत्तेच्या नुकसानीची पूर्ण मर्यादा कायम ठेवावी. मुलीचे नाव वैयक्तिक अपघात संरक्षणात चढवावे आणि प्रवाशांचे संरक्षण जोडावे. इतके झाल्यावर पैसे उरतील, तर घसारामुक्त संरक्षणाचा विचार करावा. लहान ओरखड्यांसाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकावी.

या क्रमात परका माणूस पहिला, सोबती दुसरा, चालक तिसरा आणि मोटार शेवटची आहे. मोटारीचा पत्रा ठोकून सरळ करता येतो. गोपालजीच्या गल्लीत कामावरून परतणाऱ्या त्या कारागिराच्या घरी मात्र बेचाळीस लाख रुपये पोहोचले, तरी त्याची मुले ज्याची वाट पाहत असतात तो परत येत नाही. विमापत्र नीट निवडणे हे कुटुंबाचे कर्तव्य आहे. पण ते वापरण्याची वेळ येऊ नये म्हणून मुलीला शिकविताना शेजारच्या आसनावर घालविलेला प्रत्येक तास हे त्याहून मोठे कर्तव्य आहे.